हेडला हात लावण्याआधी: घरच्या मिलिंग मशीनचं अलाइनमेंट

मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारं यंत्र, घरात आलं की पहिल्याच रविवारी माणूस स्पिंडलमध्ये (कटर धरून फिरणाऱ्या दांड्यात) डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावतो, टेबलावर गोल फिरवतो आणि काटा हलला की हेडचे, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या वरच्या भागाचे, बोल्ट सैल करतो. घोळ इथूनच सुरू होतो. हेडचा नंबर शेवटचा. आधी पाया, मग स्लाइड (टेबल सरकतं ते मार्ग), मग कॉलम (मागचा उभा खांब), आणि ही तिन्ही जागेवर असतील तरच हेड. उलट्या क्रमाने गेलात तरी डायल शून्यावर येईल, पण लांब ड्रिल लावायला हेड शंभर मिलिमीटर वर घेतलंत की भोक जागा सोडेल आणि दोष ड्रिलला दिला जाईल.

वडोदऱ्याला यंत्रांचं वेड जुनंच. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, त्या गावात कुणाला मागच्या पडवीत मिलिंग मशीन मांडावंसं वाटलं तर नवल नाही. मशीन येतं ते बहुतेक दोन वाटांनी: मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एखाद्या शेडमधून जुनं टरेट मशीन (हेड वळवता येणारं मोठं मशीन), नाहीतर सिंगल फेजवर चालणारं नवं बेंच मिल. जुन्यात स्लाइड झिजलेल्या असतात, नव्यात कास्टिंगचे जोड नीट बसवलेले नसतात. तपासणी दोघांची सारखीच, दुरुस्ती वेगळी.

जागेबद्दल थोडंच. वरचा मजला नको, जुन्या वाड्याच्या लाकडी तुळयांवर तर मुळीच नको. तळमजल्यावरही फरशीवर आंधळा विश्वास टाकू नका. वडोदऱ्याच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं काँक्रीट सोबत हलवते. म्हणून मेमध्ये लावलेली लेव्हल ऑक्टोबरात पुन्हा बघावी लागते. विश्वामित्रीच्या काठच्या वस्त्यांमध्ये आणखी एक गोष्ट: ऑगस्ट २०२४ सारखं पाणी पुन्हा येऊ शकतं हे धरून स्टँड उंच करा आणि इलेक्ट्रिक पॅनल भिंतीवर वर घ्या.

सामान फार लागत नाही. ०.०१ मिमीचा लिव्हर डायल, ज्याला कारखान्यात सगळे पप्पी डायल म्हणतात, तो हवाच. ०.००२ चा घेऊ नका. घरच्या मशीनवर त्याचा काटा ट्रक गेला तरी नाचतो आणि माणूस त्याच्या मागे धावत बसतो. मॅग्नेटिक स्टँड, मायक्रोमीटर, फीलर गेज, ऑइल स्टोन, नायलॉनचा हातोडा. आणि एक मोठं जुनं बेअरिंग, शक्य तर ६२२०. त्याचा बाहेरचा व्यास १८० मिमी. टेबलावर थेट डायल फिरवला की टोक टी-स्लॉटमध्ये (टेबलावरच्या बोल्टच्या खाचेत) पडतं. त्याऐवजी या बेअरिंगची बाहेरची रिंग टेबलावर ठेवून तिच्या कडेवर डायल फिरवायचा. रिंगच्या दोन्ही बाजू कारखान्यातच ग्राइंड झालेल्या असतात आणि काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) आत समांतर असतात. भंगारात मिळणारी रिंग चालते, फक्त दोन्ही बाजूंवर ऑइल स्टोन हलका फिरवून बर (उभी राहिलेली बारीक धार) काढा आणि चार ठिकाणी मायक्रोमीटर लावून जाडी बघा. काही जण मोटारीची ब्रेक डिस्क वापरतात. वापरलेली असेल तर भरवसा नको, तिची जाडी सगळीकडे सारखी नसते.

आता पाया. मशीनचा प्लग काढा. टेबल डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसा, मग कोरड्या कापडाने, मग तळहात फिरवा. डोळ्याला न दिसणारी बर तळहाताला लागते. लेव्हल लावा, पण बुडबुडा मध्ये आला म्हणून हुरळून जाऊ नका. मशीन जहाजावरही चालतं, तिथे कुठली आलीय लेव्हल. खरा प्रश्न बेस पिळला जातोय का, हा आहे. त्याची सोपी परीक्षा अशी: मॅग्नेटिक स्टँड कॉलमवर, डायलचं टोक टेबलाच्या कडेवर, आणि पायाचे चार बोल्ट एकेक करून सैल करायचे. एक सैल केला, काटा बघितला, पुन्हा आवळला, मग पुढचा. एखादा बोल्ट सैल केल्यावर काटा दोन घरांपेक्षा जास्त सरकला, म्हणजे ०.०२ च्या वर गेला, तर त्या पायाखाली पोकळी आहे आणि बोल्ट कास्टिंगला वाकवतोय. त्या फटीत फीलर गेज घालून माप घ्या, तेवढ्याच जाडीची शिम (पातळ पट्टी) घाला. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि जवळपास कुणी करत नाही.

मग गिब, म्हणजे स्लाइडमधला ढिलेपणा काढणारी पट्टी. डायल टेबलाच्या पुढच्या कडेला लावा आणि टेबलाच्या टोकाला दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकला. काटा ०.०२ ते ०.०३ हलला तर ठीक, ०.०८ हलला तर गिब ढिली आहे. टेपर गिब (पाचरीसारखी उतरती) असेल तर टेबल जड होईपर्यंत स्क्रू आवळा आणि मग आठवा भाग फेरा मागे या. छोट्या मशीनवर सरळ पट्टी आणि तीन-चार ग्रब स्क्रू (डोकं नसलेले) असतात. तिथे ॲलन कीने स्क्रू धरून ठेवून लॉकनट आवळावा लागतो, नाहीतर नटाबरोबर स्क्रूही फिरतो आणि लावलेलं माप जातं. गिब ढिली असली की टेबल टोकाला नेल्यावर स्वतःच्या वजनाने झुकतं आणि तो झुकाव माणूस हेडच्या खात्यावर लिहितो.

स्पिंडलचा प्ले (ढिलेपणा) वेगळा बघा. डायल स्पिंडलच्या नाकाला आडवा लावून लाकडी दांड्याने ढकला, ०.०२ च्या वर गेला तर आधी बेअरिंगचा प्रीलोड (आवळलेपणा) लावा. रनआउटची, म्हणजे वाकडं फिरण्याची, चिंता मात्र या कामापुरती सोडा. डायल स्पिंडललाच बांधलेला असतो आणि स्पिंडलच्याच अक्षाभोवती फिरतो, त्यामुळे कोलेट (टूल धरणारी चिमटी) दहा मायक्रॉन वाकडं फिरत असलं तरी वाचन बिघडत नाही. तसंच डायलच्या दांडीचं. दांडी लांब आहे, खाली लवते असं म्हणून लोक जाड सळया वेल्ड करत बसतात. स्पिंडल उभं असताना दांडी प्रत्येक दिशेला तेवढीच लवते, म्हणजे फरकात तो हिशेब उडून जातो. फक्त जोड घट्ट हवेत.

आता तो भाग, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं: कॉलम. हेड वर-खाली जातं ती रेषा टेबलाला काटकोनात आहे का, हे स्पिंडल फिरवून कधीच कळत नाही. त्यासाठी टेबलावर सिलिंड्रिकल स्क्वेअर, म्हणजे लेथवर एकाच सेटिंगमध्ये टर्न आणि फेस केलेला (बाजू आणि बूड कापलेला) साधारण ६० मिमी व्यासाचा, पावणेदोनशे मिमी उंच दंडगोल ठेवायचा. फेस करताना मध्यभाग थोडा खोलगट ठेवा, म्हणजे तो कडेवर बसेल, डुलणार नाही. डायल हेडला बांधा, टोक दंडगोलाच्या पुढच्या बाजूला टेकवा आणि हेड १५० मिमी वर न्या. वाचन लिहा. मग डायल तसाच ठेवून दंडगोल जागेवर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा तेच वाचन घ्या. दोन्हींची सरासरी म्हणजे कॉलमची खरी चूक, कारण दंडगोलाच्या बुडातला दोष दुसऱ्या वेळी उलट्या चिन्हाने येतो आणि कटतो. दंडगोलाला टेपर असेल तर तो मात्र कटत नाही; वरचा आणि खालचा व्यास मायक्रोमीटरने मोजून फरकाचा निम्मा भाग हिशेबात धरा. हेच सगळं मग उजव्या बाजूने. मोजताना प्रत्येक वेळी हेडचं लॉक आवळून वाचन घ्या. लॉक आवळल्यावर हेड किती सरकतं हेही त्यातून कळतं आणि कधी कधी तोच आकडा सगळ्यात मोठा निघतो.

हा आकडा वहीत लिहून ठेवा आणि आता, आत्ता कुठे, स्पिंडलचा स्वीप, म्हणजे डायल गोल फिरवून चारी बाजूंना वाचणं.

गिअर न्यूट्रलला, स्पिंडल हाताने फिरेल असं. क्विल (स्पिंडलला वर-खाली नेणारी नळी) असेल तर शक्य तेवढी आत घेऊन लॉक करा. टेबल आणि सॅडल (टेबलाखालचा पुढे-मागे सरकणारा भाग) लॉक. डायलचं टोक रिंगवर पाव मिलिमीटर दाबून टेकवा. लिव्हर पृष्ठभागाला जवळपास समांतर हवा. तीस अंशांवर उभा राहिला तर डायल खऱ्या फरकापेक्षा पंधरा टक्के जास्त दाखवतो. शून्यावर आणायचं असेल तर त्याने बिघडत नाही, पण त्या आकड्यावरून शिम काढायची असेल तर बिघडतं. डायल मागे गेल्यावर वाचायला छोटा आरसा लागतो. आरशात काटा उलटा फिरताना दिसतो आणि अधिक-उणेची गल्लत होते, तेव्हा मोबाइलचा कॅमेरा मागे धरून फोटो घेतलेला बरा.

काटा जिथे जास्त दाबला जातो, तिथे फिरणारी दांडी टेबलाच्या जवळ आहे. उजवीकडे जास्त वाचन म्हणजे समोरून बघताना हेड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कललंय, उलट फिरवायचं. आणि पूर्ण फरक एका बाजूला काढायचा नसतो. डावीकडे शून्य, उजवीकडे ०.०८ असेल तर उजवीकडे काटा ०.०४ वर येईल इतकंच हेड हलवा. तेवढ्यात डावी बाजूही ०.०४ ला चढलेली असते.

हेड हलवायचं म्हणजे बोल्ट पूर्ण सैल करायचे नाहीत. हेड जड असतं, एकदम गळतं. टिल्टिंग कॉलमच्या छोट्या मशीनवर मागे एकच मोठा नट असतो. तो सैल करण्याआधी हेड खाली आणून टेबलावरच्या लाकडी ठोकळ्यावर टेकवा, बोटं मध्ये नकोत. नट इतकाच सैल की नायलॉनच्या हातोड्याने टिचकी मारल्यावर काटा एक घर सरकेल. मग शून्यावर आणा आणि आवळायला घ्या. इथे डायलकडे बघत राहा. पाना शेवटचा आठवा फेरा घेतो तेव्हा काटा हळूच दोन-तीन घरं सरकतो, दरवेळी त्याच दिशेला. सैल मशीनवरचं शून्य खोटं असतं. तेव्हा तो किती सरकतो हे दोनदा बघा आणि तेवढंच अलीकडे ठेवून आवळा. टरेट मशीनच्या हेडला चार बोल्ट असतील तर समोरासमोरचे घेत तीन फेऱ्यांत आवळा. पुढे-मागे झुकवायचा वर्म (स्क्रूसारखा गिअर) असेल तर हेड नेहमी खालून वर उचलत शेवटच्या जागी आणा, म्हणजे वजन वर्मवर टेकलेलं राहतं आणि बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी जागा) फसवत नाही.

जुन्या मशीनवर आणखी एक खोच. टेबलाचा मधला भाग झिजलेला, खड्डे पडलेला असतो. रिंग अशा टेबलावर ठेवली की ती पृष्ठभागाला धरून बसते, पण कटिंग होतं ते टेबलाच्या चालीनुसार. तिथे रिंग बाजूला ठेवा आणि एकच ग्राइंड केलेला ठोकळा घ्या. डायल डावीकडे वळवून ठोकळ्यावर टेकवा, वाचन घ्या. मग टेबल उजवीकडे दोनशे मिमी न्या, डायल उजवीकडे वळवा आणि त्याच ठोकळ्याच्या त्याच जागेवर पुन्हा टेकवा. दोन्ही वाचनांत पृष्ठभागाचा तोच एक ठिपका आहे, त्यामुळे फरक उरतो तो फक्त स्पिंडल आणि टेबलाची चाल यांच्यातला. खुणेला ठोकळ्यावर मार्करने बारीक फुली काढा. ज्याला एकच युक्ती लक्षात ठेवायची आहे त्याने ही ठेवावी.

पुढे-मागेचा कल, ज्याला नॉड म्हणतात, तो बेंच मिलवर स्क्रूने लागत नाही, शिमनेच लागतो. समजा रिंगवर १७० मिमी व्यासाच्या स्वीपमध्ये मागे ०.०६ जास्त वाचन आलं. मागे दाबलं जातंय म्हणजे स्पिंडल मागे कललंय. आता वही काढा. दंडगोलावर कॉलमही १५० मिमीमध्ये ०.०५ च्या आसपास मागेच झुकलेला दिसला होता का? ०.०६ ला १७० ने भागून १५० ने गुणलं तर ०.०५३ येतात, म्हणजे दोन्ही चुका एकच आहेत आणि दोष कॉलमच्या बुडात आहे. कॉलमच्या पुढच्या-मागच्या बोल्टमधलं अंतर १४० मिमी असेल तर शिम लागेल ०.०६ × १४० ÷ १७०, म्हणजे ०.०५ मिमी, मागच्या बोल्टखाली. पण कॉलम सरळ आणि फक्त स्पिंडल कललेलं निघालं, तर शिम हेड आणि त्याच्या स्लाइडच्या जोडात घालायची. इथे चुकून कॉलमच्या बुडात घातली तर स्वीप छान येतो आणि सरळ असलेला कॉलम वाकडा होतो. हेड शंभर मिमी उचललं की भोक पस्तीस मायक्रॉन सरकणार, कायमचं.

शिम स्टीलची किंवा पितळेची घ्या. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो, स्वयंपाकघरातली फॉइल दहा ते अठरा मायक्रॉन. दोन्ही चालतात, मायक्रोमीटर लावून मगच. कागद नको, तो दबतो आणि तेल पितो. शिम बोल्टभोवती, पूर्ण पॅडभर, मध्ये भोक पाडून घाला. नुसती कडेला सरकवलेली पट्टी म्हणजे पुन्हा तीच पोकळी आणि तेच वाकलेलं कास्टिंग. ज्यांना हे एकदाच आणि पक्कं करायचंय त्यांनी कॉलमखाली चार कोपऱ्यांत ग्रब स्क्रू बसवून त्यावर अलाइनमेंट लावावं आणि फटीत स्टील पावडरचं इपॉक्सी भरावं. एका बाजूला मेण लावायला विसरलात तर कॉलम पुन्हा निघणार नाही.

किती बारीक जायचं? घरच्या कामाला दोनशे मिमीत ०.०२ पुरे. त्याखाली गेलात तर ऊन मोजायला लागाल, आणि हे थट्टेने म्हणत नाही. ओतीव लोखंड एका अंशाला मीटरमागे अकरा मायक्रॉन वाढतं. सहाशे मिमी उंच, दीडशे मिमी खोल कॉलमची मागची बाजू पश्चिमेच्या खिडकीतून तापून पुढच्यापेक्षा दोनच अंश गरम झाली तर कॉलम वाकतो आणि स्वीपमध्ये दोनशे मिमीला जवळपास ०.०१८ फरक येतो. वडोदऱ्याच्या मेमध्ये चार वाजताची खिडकी म्हणजे हेच. पडदा लावा, आणि मोजमाप सकाळी घ्या. पण त्याआधी स्पिंडल मधल्या स्पीडवर अर्धा तास चालवून हेड तापवा, कारण काम तापलेल्या हेडवरच होणार असतं.

व्हाइस यानंतर. दोन टी-बोल्टपैकी एक हाताने घट्ट, दुसरा थोडा सैल. स्थिर जबड्यावर डायल लावून टेबल एक्समध्ये (डावी-उजवीकडे) १५० मिमी चालवा, टिचकीने सरळ करा, दोन्ही आवळा, पुन्हा चालवून बघा. डायल नेहमी स्थिर जबड्यावर. सरकता जबडा आवळताना उचलला जातोच.

शेवटची साक्ष फ्लाय कटरची, म्हणजे एकाच धारेच्या फिरत्या कटरची. ॲल्युमिनियमचा साठ मिमी रुंद तुकडा घ्या, ८० मिमीचा फ्लाय कटर, शेवटचा कट ०.०५ चाच. जाड कटमध्ये कटर दबतो आणि परत उसळताना मागची कडही घासते, त्यामुळे नक्षी खोटी येते. तुकडा उजेडाकडे तिरका धरा. कमानींच्या दोन ओळी एकमेकींना छेदून जाळी दिसली तर एक्समधला कल बरोबर आहे. एकाच बाजूच्या कमानी दिसल्या तर कटरची पुढची नाहीतर मागची बाजू एकटीच कापतेय.

इथे एक हिशेब सांगतो, कारण लोक नेमकी उलट मेहनत घेतात. १७० ला ०.०६ इतकाच कल एक्समध्ये असेल आणि चालही एक्समध्ये असेल, तर साठ मिमी रुंदीच्या तुकड्यात मध्ये खोलगटपणा येतो जेमतेम पाच मायक्रॉन. तेवढाच कल पुढे-मागे असेल आणि पृष्ठभाग दोन पासमध्ये घेतला, दुसरा पास साठ मिमी सरकवून, तर दोन्हींच्या मध्ये एकवीस मायक्रॉनची पायरी येते. ती नखाला लागते. एक्सचा कल स्क्रूने पटकन लागतो म्हणून माणूस त्यातच तासभर घालवतो, आणि शिमचा कंटाळा येतो म्हणून नॉड तसाच सोडतो. ज्याचं बहुतेक कटिंग एक्समध्ये होतं त्याने आधी नॉड धरावा. काही जुने कारागीर तर मागची कड घासू नये म्हणून एक्समध्ये मुद्दाम दोनशेला ०.०१-०.०२ कल ठेवतात. फिनिश चांगलं येतं. फक्त चाल मग एकाच दिशेने.

सगळं झालं की चार आकडे, म्हणजे कॉलम दोन्ही दिशांना आणि स्पिंडल दोन्ही दिशांना, महिना आणि खोलीच्या तापमानासकट पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटच्या पेनने लिहा. दिवाळीआधी पुन्हा मोजायचे तेव्हा सगळ्यात आधी पायाचे बोल्ट.